एकट्याचे गाणे

वार्षिकांकासाठी शिक्षकाने लेख द्यावयाचा म्हणजे 'शिस्तीचे महत्त्व', 'वाचनाची गोडी' किंवा 'आमची सहल' यांपैकी एखादा विषय घ्यावयाचा, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. गेली काही वर्षे मीही तो इमाने-इतबारे पाळला. यंदा मात्र संपादक-मंडळाची क्षमा मागून मी एका कॅसेटविषयी लिहिणार आहे. आणि त्या कॅसेटच्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायाविषयीही.

प्रथम कॅसेट. तिचे नाव 'गोअन क्रेझी', साल १९८४, आणि कर्ते शिवोलीचे श्री. रेमो फर्नांडिस. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांनी कॅसेट ही वस्तूच पाहिली नसेल. हाताच्या पंजावर मावणारी प्लॅस्टिकची चपटी डबी, तिच्यात दोन चक्रांवर गुंडाळलेली तपकिरी फीत, आणि ती फीत यंत्रात अडकली की चक्रात पेन्सिल घालून सावकाश फिरवीत बसावयाचे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. माझे मामा बार्देशात रेडिओ दुरुस्तीचे काम करीत. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो म्हणजे पेन्सिलीचे हे काम माझ्या वाट्याला येई. अशाच एका दुपारी, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, त्यांनी एक जुनी कॅसेट यंत्रात घातली आणि म्हणाले, "आयक रे. हातूंत जें कितें वाजता, तें सगळें एकल्या मनशान वाजयलां."

मी ऐकू लागलो. गिटारी होत्या, तालवाद्ये होती, एका आवाजामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा आवाज उभा होता. एका माणसाला इतके हात आणि इतके गळे कोठून आले, हे कोडे मला त्या दिवशी उलगडले नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्यामागचे तंत्र कळले, आणि ते कळल्यावर आश्चर्य कमी न होता उलट वाढलेच.

ते तंत्र थोडक्यात असे. साध्या कॅसेटच्या फितीवर आवाजाचे चार अरुंद समांतर पट्टे असतात. दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. १९७९ साली जपानच्या टास्कॅम कंपनीने एक यंत्र बाजारात आणले. ते हे चारही पट्टे एकाच दिशेने व वेगवेगळे वापरीत असे. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवून ठेवावयाची. फीत मागे न्यावयाची. कानाला श्रवणयंत्र लावून ती गिटार ऐकत ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर ताल धरावयाचा. मग तिसऱ्यावर गावयाचे. पट्टे अपुरे पडले तर तिन्ही आवाज चौथ्यावर एकत्र ओतावयाचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा कोरे करून वापरता येतात. परंतु यात एक मेख आहे. एकदा ओतलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत, आणि दर ओतण्यागणिक फितीची खरखर वाढत जाते. म्हणजे प्रत्येक पायरीवर गायकाला कायमचा निर्णय घ्यावा लागतो, आणि "हे बरे झाले का हो?" असे विचारावयास शेजारी कोणी नसते. आज तुमच्या मोबाइलमध्ये असे पट्टे हवे तितके मिळतात व नको ते क्षणात पुसता येतात. ही सोय आहे खरी. मात्र त्या जुन्या यंत्राने जी एक सक्ती घातली होती, आधी मनात सगळे गाणे रचून मगच कळ दाबावयाची, ती सक्ती काही वाईट नव्हती, असे माझ्या शिक्षकी बुद्धीला वाटते.

श्री. रेमो यांनी आपल्या शिवोलीच्या वडिलोपार्जित घरात अशाच चार पट्ट्यांच्या यंत्रावर तो संग्रह ध्वनिमुद्रित केला. शब्द त्यांचे, चाल त्यांची, वाद्ये त्यांनीच वाजविलेली, वेष्टनावरची सजावटही त्यांचीच. आणि कॅसेटी तयार झाल्यावर त्या स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानादुकानांतून नेऊन देणारा विक्रेताही तेच. त्या काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा सगळा भर चित्रपटगीतांवर असे. इंग्रजीत स्वतःची गीते रचून गाणाऱ्या देशी गायकाला त्यांच्या दारी फारसे आसन नव्हते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जुन्या गोमंतकीय गीतांना नवा साज चढविणारा 'ओल्ड गोअन गोल्ड' हा संग्रह आला, नंतर १९८६ मध्ये मादक द्रव्यांच्या व्यसनावर बोट ठेवणारा 'पॅक दॅट स्मॅक', १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी'. त्याच १९८७ मध्ये 'जलवा' चित्रपटामुळे त्यांचा आवाज देशभर गेला आणि २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा उत्तरार्ध बहुतेकांना ठाऊक असतो. मला महत्त्व वाटते ते पूर्वार्धाचे.

कारण हे गृहस्थ काही जन्मापासून एकटे गाणारे नव्हते. १९५३ सालचा त्यांचा जन्म. शाळकरी वयातच त्यांनी मित्रांबरोबर गिटार हाती धरली. मुंबईस सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयात शिकत असताना ते 'द सॅव्हेजेस' या त्या वेळच्या नामांकित रॉक बँडमध्ये गात व वाजवीत. रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा मेळ. गिटारी, ढोलांचा संच, मोठा आवाज, आणि पुढे उभा राहून गाणारा एक म्होरक्या. नंतर काही काळ ते युरोप व उत्तर आफ्रिकेतून भटकले, रस्त्यांवर गायिले, आणि मग शिवोलीला परतले. म्हणजे मेळात घालविलेली वर्षे आधी, आणि ती बंद खोली नंतर. हा क्रम ध्यानात ठेवावा. मला पुढे त्याचा उपयोग आहे.

आता तो अन्याय.

आपल्या शाळेचा समूहगीताचा संघ मी काही वर्षे बसवीत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी त्या संघात नववीतला एक विद्यार्थी होता. त्याचे नाव येथे देत नाही. हा मजकूर मात्र त्याला आधी वाचून दाखविला आहे. गळा खणखणीत, आणि घुमटावर हात असा की चतुर्थीच्या आरत्यांना वाड्यावरची मोठी माणसे त्याला हाक मारून नेत. (घुमटाला २०१९ साली राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला. त्याआधी कैक पिढ्या ते आमच्या घराच्या खुंटीवर मानाने टांगलेले होतेच.) साहजिकच संघाचा म्होरक्या तोच. स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना तो माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, म्हाका ह्या वर्सा समूहगीतांत घेवंक नाकात."

कारण विचारले. तो म्हणाला, आपण घरी एकटेच एक गाणे करीत आहो, आणि ते झाल्याखेरीज दुसरे गाणे घशातून निघत नाही.

वाचकहो, मी त्या वेळी काय बोललो ते आज लिहितानाही बरे वाटत नाही. तुला शिंगे फुटली आहेत, नऊ मुलांचा तू घात करीत आहेस, मोबाइलवर चार चेहरे पाहून तुम्हा पोरांना एकदम प्रसिद्ध व्हावयाचे असते, असे बरेच काही, आणि तेही सगळ्या संघासमोर. तो निघून गेला. संघ त्याच्यावाचून उतरला व कोणत्याही क्रमांकावाचून परतला. परतताना गाडीत मी त्या अपयशाचे खापर पुन्हा एकदा त्याच्याच अनुपस्थित डोक्यावर फोडले. मुलांनी ते गावभर नेले असणार. पुढे काही महिने तो वर्गात मागच्या बाकावर बसे आणि विचारल्याखेरीज बोलत नसे.

चतुर्थीची सुट्टी संपल्यावर एके दिवशी मधल्या सुट्टीत तो शिक्षककक्षाच्या दाराशी उभा राहिला. हातात मोबाइल आणि कानात घालावयाच्या दोन दोऱ्या. "सर, आयकतात?" एवढेच.

मी ऐकले. आधी घुमट, अगदी संथ. मग पेटी. मग त्याचा आवाज, कोकणीत. गाणे एका ट्रकाविषयी होते. आपल्या भागात हे सांगावयास नको. खनिजाचे लाल रस्ते तुम्ही-आम्ही सगळ्यांनी तुडविले आहेत. २०१२ साली राज्यातल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचे काय झाले हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक आहे. या मुलाच्या अंगणात तो ट्रक उभा होता. गाण्यात खाणीचा निषेध नव्हता आणि तिचा कैवारही नव्हता. रोज सकाळी उठून, कोठेही जावयाचे नसताना, ट्रकाची काच पुसणाऱ्या एका माणसाचे वर्णन तेवढे होते. तो माणूस म्हणजे त्याचे वडील.

मी दोऱ्या काढून ठेवल्या, आणि मला दोन गोष्टी एकदम लख्ख दिसल्या.

पहिली ही की, असे गाणे दहा मुलांनी गणवेशात ओळीने उभे राहून, परीक्षकांना नमस्कार करून गाण्याजोगे नव्हतेच. ज्या दुःखाला एकच अंगण असते ते दहा तोंडांनी म्हटले तर त्याची घोषणा होते. समूहगीत देशासाठी असते, ऋतूंसाठी असते, श्रमाच्या गौरवासाठी असते, आणि ते तसे असावेच. पण "आमचे बाबा रोज काच पुसतात" हे वाक्य समूहात म्हणता येत नाही. तेथे 'आम्ही' हा शब्द अपुरा पडत नाही. तो अवजड होतो.

हाच अनुभव दूरदेशच्या एका फार मोठ्या गायकाला आलेला आहे, हे नंतर माझ्या वाचनात आले. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाचा गायक आहे. 'ई स्ट्रीट बँड' या गाजलेल्या मेळाचा तो म्होरक्या. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या घरी बसून, वर वर्णन केलेल्या त्याच चार पट्ट्यांच्या यंत्रावर, त्याने काही गीते मुद्रित करून ठेवली. हेतू इतकाच की, ती मेळातल्या सोबत्यांना ऐकवावी व मग सगळ्यांनी मिळून ती नीट बसवावी. त्याप्रमाणे मेळाबरोबर ती वाजवून पाहिलीही. परंतु हरलेल्या, एकाकी माणसांची ती गीते भरगच्च वाद्यांत आपला जीव गमावू लागली. अखेर ती घरची खरखरणारी फीतच 'नेब्रास्का' या नावाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. मेळात कोणाशी भांडण झालेले नव्हते, की कोणाचा अहंकार आडवा आलेला नव्हता. गाण्याचेच म्हणणे होते की मला एकट्याने गा. त्याच सुमाराच्या घरच्या मुद्रणांतले एक गीत मात्र मेळाने हाती घेतल्यावर प्रचंड फुलले, आणि १९८४ मध्ये त्या गीताच्याच नावाने, 'बॉर्न इन द यू.एस.ए.' म्हणून, त्याचा पुढचा संग्रह सगळ्या मेळासह निघाला. शिवोलीची कॅसेट निघाली तेच हे साल. तात्पर्य, कोणते गाणे एकट्याचे आणि कोणते दहांचे हे गायकाच्या स्वभावावरून ठरत नाही, गाण्याच्या स्वभावावरून ठरते. शिक्षकाला हे कळावयास हवे होते. मला कळले नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. त्या गाण्याच्या शेवटी मुलाने स्वतःच्याच आवाजात खालचा एक सूर धरला होता, मुख्य चालीला टेकू दिल्यासारखा. तो ऐकताना मला वाटू लागले, हा आवाज आपण कोठेतरी ऐकला आहे. मग उमगले. संघात त्याच्या डाव्या हाताला उभा राहणारा जो मुलगा, त्याची शब्द जरा ओढून म्हणण्याची लकब या सुरात उतरली होती. मी ती लकब घालविण्यासाठी त्या मुलाला कितीदा टोकले होते! आणि याने ती जपून ठेवली होती. विचारल्यावर तो ओशाळून हसला. म्हणाला, एकटे गाताना शेजारी तो उभा आहे असे समजल्याखेरीज सूर लागेना.

तेव्हा ज्याला मी मेळ सोडून गेलेला समजत होतो, तो मेळ बरोबर घेऊन बसला होता. श्री. रेमो यांच्या त्या बंद खोलीतही तसेच घडले असले पाहिजे. ज्याने कधी कोणाच्या ढोलाबरोबर गिटार वाजविली नाही, त्याला स्वतःच्याच ढोलाबरोबर ती वाजविता येईल हे मला संभवनीय वाटत नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९७० साली तो मेळ फुटत असताना त्यांनी स्वतःच्या घरी, सगळी वाद्ये स्वतः वाजवून, केवळ आपले आडनाव धारण करणारा एक संग्रह काढला. 'एकट्याचा' म्हणून तो गाजला. पण त्यातही साथीचा आवाज त्यांच्या पत्नीचा आहेच! संपूर्ण एकटा गवई मला तरी अजून कोठे सापडलेला नाही. आपल्या केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर यांच्यासारखी मानी, स्वयंभू गायिका. १९७७ साली अवकाशात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत भारतातून जो एक आवाज गेला तो त्यांचा. तो असा एकटाच दिगंतात गेला म्हणावे, तर त्याही गाण्याला तबल्याची साथ आहेच.

या विषयावर सहकाऱ्यांशी बोलताना दोन आक्षेप पुढे आले. ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

एक आक्षेप असा की, अशाने मुले आत्ममग्न होतील. ज्याच्या हाती मोबाइल तो गवई. कोणी बेसूर म्हणणार नाही, कोणी ताल चुकला म्हणून थांबविणार नाही. हा आक्षेप मला सर्वस्वी खोटा वाटत नाही. समाजमाध्यमांवर रोज जे गाणे वाहत असते ते पाहता तो पुष्कळच खरा वाटतो. म्हणूनच मघाशी मी क्रमाचा उल्लेख केला. आधी मेळ, मग एकांत. ज्याने भजनात टाळ धरला नाही, आरतीत मागे उभे राहून धृपद उचलले नाही, शेजाऱ्याच्या सुरासाठी आपला सूर कधी दाबला नाही, त्याला मी एकट्याने गावयास बसविणार नाही. परंतु ज्याने हे सगळे केले आहे त्यालाही जन्मभर ओळीतच उभे करणे, हा शिस्तीचा अतिरेक होय. आपल्या गावाला हे नव्याने सांगावयास नको. लईराईच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीला धोंड येतात ते मेळाने. दिवसचे दिवस ते एकत्र राहून व्रत पाळतात, एकत्र स्नान करतात. पण पहाटेच्या अंधारात होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून जावयाचे ते ज्याचे त्याने, आपापला वेत हाती घेऊन. तेथे कोणी कोणाचा हात धरीत नाही, आणि त्यामुळे मेळ मोडला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट मेळाची गर्दी झाली म्हणजे काय होते तेही २०२५ च्या जत्रेत आपण पाहिले. चेंगराचेंगरीत माणसे दगावली. त्या रात्रीनंतर 'समूह' हा शब्द मी पूर्वीइतक्या भाबडेपणाने वापरू शकत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो अधिक झोंबणारा. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "मराठी माध्यमाच्या शाळेच्या अंकात इंग्रजीत गाणाऱ्याचे कौतुक कशाला? आणि तुमचा तो विद्यार्थी गातो कोकणीत. मग मराठीचे काय?"

यावर मी सावधपणे लिहितो, कारण १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधी व नंतर या प्रश्नावरून आपल्याकडे बरीच मने दुखावली आहेत. मी स्वतः कोकणी बोलणाऱ्या घरातला. आईशी भांडलो ते कोकणीत, पहिला निबंध लिहिला तो मराठीत. दशावतारी नाटकातला राजा माझ्याशी मराठीत बोलला आणि त्याच नाटकातला संकासुर मला हसविताना कोकणी वळणावर गेला. या दोहोंपैकी एक काढून टाका म्हटले तर माझे अर्धे अंग जाईल. डिचोली-पेडण्यातल्या पुष्कळांची हीच अवस्था आहे. श्री. रेमो यांच्या त्या संग्रहातली गीते बहुतांशी इंग्रजीत असली तरी त्यांचे विषय पुष्कळसे गोव्याचे आहेत. पुढे ते कोकणीत गायिले, हिंदीत गायिले, पोर्तुगीजमध्येही गायिले. शिवोली हे असे गाव आहे की जेथे नाताळानंतरच्या जागराला हिंदू आणि ख्रिस्ती एकत्र रात्र जागवितात. आणि आपली लईराई तर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीची बहीणच मानली जाते. एवढ्या नात्यागोत्याच्या मुलखात, 'हा आमच्या भाषेत गात नाही म्हणून आमचा नव्हे' हे म्हणणे मला तरी शोभणार नाही. एकांतात माणूस कोणत्या भाषेत गातो हे बाहेरून ठरविता येत नाही. त्या मुलाच्या वडिलांनी ट्रकाविषयी जे काही बोलावयाचे ते कोकणीतच बोलले असणार. मुलाने ते मराठीत कसे ऐकावे? मात्र त्याच मुलाने गाण्याचा पहिला खर्डा मला दाखविला तेव्हा समासातल्या सूचना, 'येथे थांबणे', 'घुमट हळू', 'पुन्हा एकवार', या सगळ्या स्वच्छ मराठीत होत्या. मी शाळेत शिकविलेल्या मराठीत! मराठीचे काय, या प्रश्नाला माझ्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

माझी मागणी आता साधी आहे, आणि ती मी मुख्याध्यापकांपुढे व पालक-शिक्षक संघापुढे मांडली आहे. आपल्या स्नेहसंमेलनात समूहगीत आहे, समूहनृत्य आहे, एकपात्री अभिनयही आहे. पण विद्यार्थ्याने स्वतः रचलेल्या, स्वतः बसविलेल्या गीताला जागा नाही. ती असावी. त्यास क्रमांक नसावा, परीक्षक नसावेत, भाषेची अट नसावी. अट एकच: त्या विद्यार्थ्याने निदान एक वर्ष समूहगीताच्या किंवा भजनाच्या मेळात काढलेले असावे. ही अट काहींना जाचक वाटेल. मला वाटत नाही. शिवोलीच्या त्या कॅसेटमागेही वर्षानुवर्षांचा मेळ होता, आणि एकट्याने नाव मिळविल्यावरही श्री. रेमो मेळाकडे परतले. त्यांच्या त्या नंतरच्या मेळाचे नाव 'मायक्रोवेव्ह पापडम्स' असे आहे. हे नाव वर्गात सांगितले तेव्हा मुले इतकी हसली की पुढचा तास वायाच गेला.

मुख्याध्यापकांनी मागणी ऐकून घेतली. संमेलनाचे पुढे पाहू म्हणाले. सभागृहामागे जुनी बाके ठेवलेली जी खोली आहे ती मात्र त्यांनी दिली आहे. बाके आम्ही सहाजणांनी मिळून बाहेर काढली. त्या सहांत समूहगीताच्या संघातले तिघे होते, आणि खिडकीच्या फटींत जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या कोंबून रस्त्यावरचा आवाज अडविण्याची युक्ती त्यांच्यापैकीच एकाची. त्या तिघांनी आपल्या जुन्या म्होरक्याशी काय बोलणे केले ते मला ठाऊक नाही. मी मुद्दामच पाणी आणावयास गेलो होतो. परतलो तेव्हा सगळे एका बाकावर बसून चणे खात होते.

त्याच्या वडिलांनी ते गाणे अजून ऐकलेले नाही. मी आग्रह धरलेला नाही.

खोली शनिवारी दुपारी दोन ते पाच उघडी असेल. एका वेळी एकानेच आत जावयाचे. घुमट आणि पेटी तेथे ठेवली आहे. मोबाइल ज्याचा त्याने आणावा, नसेल त्याने माझा घ्यावा. चावी माझ्याकडे आहे.